युग्मित अर्धसंवाहक लेसर पंक्ती

एकाच स्फटिकावर शेजारीशेजारी घडवलेल्या आणि एकमेकांत प्रकाश झिरपू देणाऱ्या लेसर डायोडांची रांग. एका डायोडाचे तोंड जेमतेम काही मायक्रोमीटर रुंद असते. त्यातून फार शक्ती काढू गेल्यास ते जळते. म्हणून अनेक डायोड लावतात. मात्र दहा सुट्या लेसरांचे झोत एकत्र केले तर मध्यावरची तीव्रता एका लेसरच्या दहापट होते, आणि तेच दहा एका कलेत (म्हणजे तरंगांचे चढउतार एकाच वेळी) आले तर शंभरपट. युग्मनाचा खटाटोप या फरकासाठी आहे.

अशी कलाबद्ध पंक्ती 1978 मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील स्किफ्रेस, बर्नहॅम आणि स्ट्रायफर यांनी दाखवली. त्यातून एक अडचण पुढे आली. दोन लेसरांमधल्या जागेत प्रकाश शोषला जातो. शेजारी लेसर विरुद्ध कलेत असले की त्या जागी तीव्रता शून्यावर येते आणि शोषण टळते. त्यामुळे पंक्ती आपणहून विरुद्ध कलाच पसंत करते. परिणामी झोत दोन फाट्यांत विभागतो आणि नेमका मध्य काळोखा राहतो.

शिवाय जुळलेली कला टिकतेच असे नाही, आणि या अस्थैर्याचे मूळ याहून खोल आहे. प्रकाश वाढला की भारवाहकांची घनता घटते, तिच्याबरोबर अपवर्तनांक बदलतो आणि त्या लेसरची कंप्रता सरकते. शेजाऱ्याशी जुळलेली कला सुटते. विनफुल आणि वांग या संशोधकांनी 1988 मध्ये गणिताने दाखवले की युग्मनाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात कलाबंधन टिकतच नाही. तीव्रता सेकंदाला अब्जावधी वेळा हेलकावते, कधी पूर्ण अनियमित होते. मंद संवेदकाला केवळ सरासरी दिसते, त्यामुळे अशी पंक्ती स्थिर भासू शकते. तिची पारख वेगवान संवेदकावरच करावी.

अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला या विषयाचे जवळचे निमित्त म्हणजे लायगो-भारत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या या गुरुत्वतरंग वेधशाळेला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. लायगोच्या अमेरिकेतील वेधशाळांत चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये 1064 नॅनोमीटरचा झोत फिरतो. तो देणाऱ्या स्फटिकांना ऊर्जा पुरवतात ते लेसर डायोडच. मात्र तेथे डायोडांची कला जुळण्याची गरज नसते. स्फटिक त्यांच्याकडून फक्त ऊर्जा घेतो आणि झोताची कला एक छोटा, अतिस्थिर लेसर ठरवतो.