क्लाउड कंप्युटिंग

क्लाउड कंप्युटिंग किंवा मेघ संगणन म्हणजे गणनक्षमता, साठवण, डेटाबेस, सॉफ्टवेअर इत्यादी संगणकीय साधने स्वतः विकत न घेता इंटरनेटच्या माध्यमातून हवी तेव्हा व हवी तेवढी वापरणे आणि वापराप्रमाणे त्यांचे मूल्य चुकते करणे होय. यंत्रे सेवापुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये असतात. ग्राहक ती दुरून चालवतो. वीज कंपनीकडून वीज घेणाऱ्या कारखान्याला स्वतःचे जनित्र चालवावे लागत नाही, साधारण तसाच हा व्यवहार आहे. मात्र ही उपमा फार ताणता येत नाही. विजेचे युनिट सर्वत्र सारखेच असते, तर एका पुरवठादाराकडे उभारलेली संगणकीय व्यवस्था दुसऱ्याकडे हलवणे बरेच कष्टाचे असते.

व्यवसायांना क्लाउडचा मुख्य लाभ स्वस्ताईचा होतो, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. कामाचा भार कमी-जास्त होत असेल किंवा पुढे तो किती असेल हे ठाऊक नसेल, तर क्लाउड किफायतशीर ठरतो. भार स्थिर आणि अंदाजात असेल, तर स्वतःची यंत्रे स्वस्त पडू शकतात.

नाव आणि स्वरूप

संगणक जाळ्यांच्या आकृत्यांमध्ये, ज्या भागाचा अंतर्गत तपशील महत्त्वाचा नाही तो भाग ढगाच्या चिन्हाने दाखवण्याची प्रथा होती. तिच्यावरून हे नाव रूढ झाले. ‘मेघ’ या शब्दामुळे माहिती कोठेतरी अधांतरी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती सर्व्हरच्या रांगा, अखंड वीजपुरवठा आणि मोठी शीतकरण यंत्रणा असलेल्या इमारतींमध्ये असते. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात अशा अनेक इमारती आहेत. समुद्राखालील दूरसंचार केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येत असल्याने हा परिसर या उद्योगाला सोयीचा ठरला.

क्लाउडचा तांत्रिक पाया आभासीकरण हा आहे. एका भौतिक सर्व्हरवर विशिष्ट सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक ‘आभासी यंत्रे’ निर्माण केली जातात. प्रत्येक यंत्राला आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच ‘वाटते’. त्यामुळे एकच यंत्र अनेक ग्राहकांत विभागता येते, आणि नवा सर्व्हर मिळण्यास पूर्वी मागणी, खरेदी व उभारणी मिळून जेथे आठवडे लागत, तेथे आता काही मिनिटे पुरतात.

इतिहास

संगणनाची विक्री एखाद्या सार्वजनिक सेवेप्रमाणे होऊ शकेल, ही कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी कार्यक्रमात मांडली होती. त्याच दशकात आयबीएमने मोठ्या संगणकांवर आभासी यंत्रांचे प्रयोग केले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने विक्री व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्गणीने देण्यास सुरुवात केली.

आजच्या अर्थाने क्लाउडचा प्रारंभ २००६ पासून मानला जातो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणसेवा आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू ही आभासी सर्व्हरची सेवा खुली केली. साठवणीचा आरंभीचा दर एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट, तर सर्व्हरचा दर तासाला १० सेंट होता. दर जाहीर होता, करार किंवा अनामत लागत नव्हती आणि एक तासाचा ग्राहकही चालत होता. तंत्रज्ञानाइतकीच ही विक्रीपद्धतही नवी होती. पुढे २००८ मध्ये गूगलने ॲप इंजिन आणले, तर मायक्रोसॉफ्टची अझ्युर सेवा २०१० मध्ये व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लाउडची व्याख्या आजही प्रमाण मानली जाते.

सेवांचे प्रकार

ग्राहक काय सांभाळतो आणि पुरवठादार काय, यावरून तीन मुख्य प्रकार केले जातात. पायाभूत सुविधा सेवेत केवळ आभासी यंत्रे, साठवण व जाळे मिळते. त्यांवरील कार्यप्रणाली व सॉफ्टवेअर ग्राहकाने सांभाळायचे असते. मंच सेवेत कार्यप्रणाली व डेटाबेस पुरवठादार सांभाळतो आणि ग्राहक फक्त आपला प्रोग्राम चढवतो. सॉफ्टवेअर सेवेत तयार सॉफ्टवेअरच ब्राउझरमधून वापरावयास मिळते. जीमेल किंवा चेन्नईच्या झोहो कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर ही याची परिचित उदाहरणे होत. बहुतेक लहान व्यवसायांचा क्लाउडशी संबंध या तिसऱ्या प्रकारातूनच येतो, कित्येकदा त्यांच्या लक्षातही न येता.

सर्वांना खुला तो सार्वजनिक क्लाउड, एकाच संस्थेसाठी राखलेला तो खाजगी, समान गरजा असलेल्या संस्थांनी मिळून वापरलेला तो सामुदायिक आणि यांच्या मिश्रणाला संकरित क्लाउड म्हणतात.

खर्चाचे गणित

क्लाउडमुळे भांडवली खर्चाचे रूपांतर चालू खर्चात होते. याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या मिठाई विक्रेत्याच्या संकेतस्थळाला वर्षातील ३५५ दिवस एक सर्व्हर पुरतो, पण दिवाळीपूर्वीच्या १० दिवसांत २० सर्व्हर लागतात असे समजू. स्वतःची यंत्रे घ्यायची तर २० घ्यावी लागतील, म्हणजे वर्षाला ७,३०० सर्व्हर-दिवसांची क्षमता विकत घेतली जाईल. प्रत्यक्ष वापर मात्र ३५५ अधिक २०० असा ५५५ सर्व्हर-दिवसांचाच होईल. क्लाउडचा दर स्वतःच्या यंत्राच्या तिप्पट धरला, तरी बिल १,६६५ सर्व्हर-दिवसांइतके येईल. हा व्यवहार उघडच फायद्याचा आहे.

आता हाच तिप्पट दर वर्षभर एकच सर्व्हर लागणाऱ्या कार्यालयाला लावून पाहावा: ३६५ ऐवजी १,०९५. भाराचा चढउतार नसेल, तर ग्राहक न लागणाऱ्या लवचीकतेचे पैसे देत राहतो. अर्थात स्वतःच्या यंत्राच्या हिशेबात वीज, वातानुकूलन, जागा, दुरुस्ती आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा पगार धरावा लागतो. ही तुलना करताना नेमका हाच भाग बहुधा विसरला जातो.

मोठ्या कंपन्यांचे अनुभवही दोन्ही दिशांचे आहेत. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने ॲमेझॉनच्या क्लाउडवर स्थलांतर सुरू केले, ते जानेवारी २०१६ मध्ये संपले. चित्रफिती प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे जाळे मात्र तिने स्वतःचेच ठेवले. याउलट ड्रॉपबॉक्सने आपल्या वापरकर्त्यांच्या बहुतांश फायली ॲमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या आणि त्यातून दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे २०१८ मधील भागविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. सेल्सफोर्सप्रमाणेच वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या ३७सिग्नल्स या कंपनीनेही २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

व्यवसायांना होणारे अन्य लाभ

खर्चापेक्षा वेगाचा लाभ अनेकदा मोठा असतो. नवा उद्योग थोड्या पैशांत कल्पना अजमावू शकतो आणि ती फसल्यास यंत्रे बंद करून मोकळा होऊ शकतो. हाती न विकला जाणारा सर्व्हर उरत नाही. शिवाय सुरक्षाविषयक दुरुस्त्या, बिघडलेल्या डिस्क बदलणे आणि दुसऱ्या शहरात प्रत ठेवणे ही कामे, स्वतंत्र संगणक विभाग नसलेल्या संस्थेपेक्षा मोठा पुरवठादार सहसा अधिक नियमितपणे करतो.

अचानक येणारा भार पेलण्याचे भारतातील ठळक उदाहरण क्रिकेटचे आहे. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. हॉटस्टारची यंत्रणा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. इतकी यंत्रे एका सामन्यासाठी विकत घेणे व्यवहार्य नव्हते. तथापि भार वाढल्यावर आपोआप सर्व्हर वाढवणारी नेहमीची सोयही पुरेशी नव्हती, कारण प्रेक्षक मिनिटाला लाखोंनी वाढतात आणि नवे सर्व्हर सज्ज होण्यास वेळ लागतो. म्हणून अभियंते अंदाज बांधून क्षमता आधीच वाढवून ठेवत. धोनी बाद झाल्यावर लाखो प्रेक्षक एकदम सामना सोडून ॲपच्या मुख्य पानावर आले, तेव्हा त्या पानावरील भाराचीही तरतूद असणे आवश्यक होते. क्लाउडची लवचीकता अशी नियोजनाच्या जोडीनेच उपयोगी पडते.

जोखीम आणि मर्यादा

क्लाउडमध्ये सुरक्षेची जबाबदारी वाटून घेतलेली असते. इमारत, यंत्रे व आभासीकरण पुरवठादार सांभाळतो. पासवर्ड, प्रवेशाचे अधिकार आणि माहिती कोणाला दिसेल हे ग्राहकाने ठरवायचे असते. साठवण चुकून सर्वांसाठी खुली राहिल्याने माहिती उघड होण्याचे प्रकार वारंवार घडतात आणि त्यांत दोष बहुधा ग्राहकाच्या मांडणीचा असतो. कोड स्पेसेस या कंपनीचे उदाहरण त्याहून गंभीर आहे. जून २०१४ मध्ये हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन खात्याचा ताबा मिळवला आणि मूळ माहितीसह तिच्या बहुतेक राखीव प्रतीही पुसून टाकल्या. कंपनीला कारभार गुंडाळावा लागला. राखीव प्रत त्याच खात्यात असेल, तर संकटकाळी तिचा भरवसा धरता येत नाही.

मोठे पुरवठादारही बंद पडतात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना केलेल्या चुकीमुळे एस-थ्री सेवेचा अमेरिकेतील एक मोठा विभाग काही तास ठप्प झाला आणि असंख्य संकेतस्थळे त्याच्यासोबत बंद पडली. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले. अन्यत्र प्रत न ठेवलेल्या काही ग्राहकांची माहिती कायमची गेली.

तिसरी अडचण बाहेर पडण्याची. पुरवठादाराच्या खास सेवांवर सॉफ्टवेअर बांधले गेले की ते हलवणे अवघड होते, शिवाय माहिती बाहेर काढण्याचे शुल्क पडते. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने पुरवठादार बदलण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने संपवण्याची तरतूद केली आहे. तो कायदा लागू होण्यापूर्वीच, २०२४ मध्ये, गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केले. रोजच्या वापरात माहिती बाहेर नेण्याचे शुल्क मात्र कायम आहे.

भारतातील स्थिती

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईतून आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतून क्लाउड सेवा देण्यास प्रारंभ केला. देशी पुरवठादारांत नाशिक येथे मुख्यालय असलेल्या ईएसडीएस या कंपनीचा समावेश होतो. केंद्र शासनाने ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य होते.

माहिती कोठे ठेवली जाते, हा प्रश्न व्यवसायांसाठी केवळ तांत्रिक नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पैसे चुकते करण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवणे बंधनकारक आहे. कंपनी कायद्याखालील नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेब वह्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे कंपन्यांना आवश्यक झाले; पूर्वी ती ‘ठरावीक कालाने’ ठेवली तरी चालत असे. हिशेबाचे सॉफ्टवेअर परदेशी क्लाउडवर असेल, तरी कंपनीची यातून सुटका होत नाही. सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवण्याचा एप्रिल २०२२ चा आदेश क्लाउड पुरवठादारांना आणि त्यांच्या ग्राहक कंपन्यांनाही लागू आहे.