नाडीवरचं बोट

शरीरक्रियाशास्त्र, आमच्या कॉलेजच्या भाषेत फिजिऑलॉजी, हा विषय मी नांदेडला निवृत्त होईपर्यंत शिकवला. पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांचा समज ठरलेला असायचा: संशोधन जर्मनीत होतं, इंग्लंड-अमेरिकेत होतं, आपण ते पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. मग मी फळ्यावर दोन सालं लिहायचे, १८८९ आणि १९८२. पहिल्या सालातलं काम हैदराबादला झालं. तेव्हा नांदेड, औसा, उदगीर ही सगळी गावं निजामाच्याच राज्यातली. दुसरं काम केलं जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या एका डॉक्टरनं. दोन्ही कामं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पहिल्या कामापाठी राजाची तिजोरी उभी होती, आणि निष्कर्ष चुकला. दुसऱ्यापाठी सरकारी दवाखान्यातली एक खाट होती, आणि निष्कर्ष बरोबर आला. असं का झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

१८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्पसननं भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तिथून वाद पेटला. क्लोरोफॉर्म माणसाला मारतं ते हृदय थांबवून की श्वास थांबवून? लंडनकडचे म्हणत, भूल देताना नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकडचे म्हणत, नाडी सोडा, श्वासाकडे बघा.

एडिंबरोच्या या परंपरेत तयार झालेला एडवर्ड लॉरी १८८५ मध्ये रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादला आला. १८४६ मध्ये सुरू झालेली तिथली मेडिकल स्कूल त्याच्या हाताखाली आली. आधी ही शाळा उर्दूतून चालायची. याच शाळेतून रूपाबाई फर्दुनजी शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. लॉरीचं विद्यार्थ्यांना एकच सांगणं असे: रोग्याचा श्वास नीट चालू ठेवा, नाडी चाचपत बसू नका.

आपलं म्हणणं सिद्ध करायला त्यानं १८८८ मध्ये एक कमिशन नेमवलं आणि शहरातल्या शंभरावर भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केले. उत्तर त्याला हवं तेच आलं: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. 'लॅन्सेट'ला ते पटेना. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी हजार पौंड देऊ केले. तुमचा माणूस पाठवा, खर्च आमचा. 'लॅन्सेट'नं पाठवला तोही साधासुधा नव्हे. लॉडर ब्रन्टन! अमिल नायट्राइटनं छातीतली कळ थांबते हे १८६७ मध्ये दाखवणारा औषधशास्त्रातला मोठा माणूस. क्लोरोफॉर्म हृदयावर घाव घालतं असं मानूनच तो १८८९ च्या ऑक्टोबरात हैदराबादला उतरला.

मग कुत्री, माकडं, शेळ्या, मांजरं, ससे, घोडे असं जे मिळेल ते टेबलावर चढलं. आकडा काही शेकड्यांत गेला. डिसेंबरात ब्रन्टननं लंडनला तार ठोकली. मतलब असा, की धोका गुदमरण्याचा आणि जास्त मात्रेचा. थेट हृदयाला काही होत नाही. लॉरी जिंकला. निजामाच्या खजिन्यात भर घालणाऱ्या नांदेडकडच्या रयतेला या पैशाचा पत्ता असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे तेव्हा आगगाडीसुद्धा पोचली नव्हती.

पण माणसं क्लोरोफॉर्मखाली मरतच राहिली. निष्णात हातांतही मरत, थोड्या मात्रेत मरत, बऱ्याचदा अगदी सुरुवातीलाच मरत. कोडं सुटलं १९११ मध्ये. गुडमन लेव्ही यानं मांजरांना हलकं क्लोरोफॉर्म देऊन वर ॲड्रेनॅलिन टोचलं आणि त्यांची हृदयं थरथरत बंद पडली. म्हणजे घात होत होता अर्ध्या गुंगीत. टेबलावर झोपवलेला माणूस घाबरलेला असतो. त्याच्या अंगात त्याचंच ॲड्रेनॅलिन उसळतं, आणि क्लोरोफॉर्मनं हळवं झालेलं हृदय ते पेलू शकत नाही. हैदराबादच्या प्रयोगांत जनावरांना खोल गुंगीत नेलं होतं. तिथे खरोखरच आधी श्वास थांबतो. प्रयोग खोटे नव्हते. ते ज्या मृत्यूचे होते तो मृत्यू दवाखान्यात होत नव्हता, आणि दवाखान्यात होत होता तो टेबलावर घडवलाच गेला नाही. ब्रन्टनच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की १८८९ मध्ये ॲड्रेनॅलिन कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याचा रक्तदाबावरचा परिणाम ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवला तो १८९४ च्या सुमारास.

त्या कमिशनचं मुख्य यंत्र होतं कायमोग्राफ, शरीरातली हालचाल फिरत्या ड्रमवर रेघेनं उतरवणारं. लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं ते १८४७ च्या आसपास बनवलं, क्लोरोफॉर्मच्याच जोडीचं म्हणा. तेच यंत्र जवळजवळ तसंच आम्ही अंबाजोगाईला शिकताना वापरलं, आणि पुढे नांदेडचं कॉलेज १९८८ मध्ये निघाल्यावर तिथेही. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या डॉक्टरांची फिजिऑलॉजी काजळीत सुरू झाली. प्रयोगशाळेतले मामा सकाळी लवकर येत. गुळगुळीत कागद पितळी ड्रमवर सुरकुती न पडता चढवत, कडा डिंकानं चिकटवत, आणि धुराच्या ज्योतीवर ड्रम फिरवत राहत. काजळी सगळीकडे सारखी बसली पाहिजे. जाड बसली तर लेखणी अडते, पातळ बसली तर रेघ उमटत नाही. बेडकाच्या पोटरीचा स्नायू तरफेला बांधायचा, मज्जातंतूला विजेचा हलका झटका द्यायचा. स्नायू आखडला की तरफेचं टोक काजळी खरवडून पांढरी रेघ काढतं. मग मामा तो कागद राळेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालत. त्यांच्या नखांतली काजळी कधी गेलेली मी पाहिली नाही. चांगला आलेख आला की विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनाच आनंद. म्हणायचे, "मॅडम, ह्यो फ्रेम करून लावा." बेडूक पावसाळ्यात मिळत, म्हणून वर्षाचं वेळापत्रक मृगावर ठरे. पुढे नियम बदलले, बेडूक गेले, ड्रम कपाटात गेले. आता मुलं संगणकावर तीच रेघ बघतात.

बेडूक वाचले याचा मला आनंदच आहे. पण त्या रेघेची एक खोड शिकवता शिकवता माझ्या ध्यानात आली. ज्याला दोरा बांधला तेवढंच ती सांगते. बाकीचं शरीर त्या कागदावर नसतं.

विंचवाचं नेमकं तेच झालं: सगळे वेदनेकडे बघत राहिले, बाकीच्या शरीराकडे नाही.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला माणसं ज्या घरांखाली गाडली गेली, तसलीच घरं. त्या भिंतींच्या सांदीत, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या राशीत विंचू असायचेच. मोठ्या काळ्या इंगळीला सगळे भ्यायचे. लहान, तांबूस विंचवाला तेवढं कुणी मोजत नसे. माझ्या लहानपणी एका उन्हाळ्यात आमच्या एका आजीला इंगळी चावली. रात्रभर तिनं गल्ली डोक्यावर घेतली. उतरवणारा आला, लिंबाचा डहाळा खांद्यापासून बोटापर्यंत ओढत बसला, पहाटे कळ उतरली, त्याला नारळ मिळाला. थोड्याच दिवसांनी शेजारच्या पोराला तांबडा चावला. पोरगं जरा रडलं आणि गप्प झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. ओकाऱ्या झाल्या, बनियन घामानं निथळलं, पाय बर्फासारखे गार. डहाळा फिरतच होता. उजाडायच्या आत धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला आणि पोरगं गेलं.

म्हातारीचं दुखणं आपोआपच उतरणार होतं. तिला नुसती वेदना होती. पोराला वेदना कमी आणि विष जास्त होतं. उतरवणाऱ्याचा धंदा या फरकावर पिढ्यान् पिढ्या चालला. त्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही, कारण डॉक्टरांकडे तरी काय होतं? ॲट्रोपिन, स्टिरॉइड, हृदयाला जोर द्यायला डिजॉक्सिन. गंभीर होऊन दवाखान्यात पोचलेल्यांतही शंभरातले पंचवीस-तीस दगावत.

हिंमतराव बावस्कर देहेडचे. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले. लाल विंचू तिथेही तोच. त्यांनी खाटेशी बसून बघायला सुरुवात केली: चावल्यापासून किती वेळानं घाम सुटला, ओकारी कधी झाली, रक्तदाब कुठवर चढला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी लागते. त्या नोंदींतून क्रम दिसू लागला. ओकारी, दरदरून घाम, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा, गार हातपाय ही हृदयावर संकट येत असल्याची आगाऊ सूचना आहे. हे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं.

आतला प्रकार असा. विषामुळे मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद व्हायचे राहतात आणि तंतू विनाकारण संदेश सोडत सुटतात. अंगात ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून विहिरीवरची मोटार चालवली तर काय होतं ते आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हृदय थकतं, मागे रक्त तुंबतं, फुप्फुसांत पाणी भरतं, फेस येतो. अशा हृदयाला चाबूक मारून उपयोग नाही, व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरलं. ही आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी साधी गोळी. त्याबद्दलचं टिपण १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीनं होत्या. गंभीर रुग्णांतले मृत्यू शेकडा एखाद्यापर्यंत खाली आले. २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पुढचा हिशेब मांडला: नुसत्या प्राझोसिननं रुग्ण सरासरी १७.७ तासांत सावरतो, जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर १० तासांत. २०२२ मध्ये हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला या उपचारातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्याचा शेवट कसा ठरवायचा ते. गोळी ठरावीक अंतरानं द्यायची, हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत. मॉनिटर नसला तरी चालेल. रोग्याचे पाय हातात धरायचे. हे लॉरीच्या शिकवणीच्या बरोबर उलटं आहे.

प्रयोगशाळा कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या लाल विंचवाच्याच विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. पेशीतले पोटॅशियमचे एका प्रकारचे मार्ग ते नेमके बंद करतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ते अवजारासारखं वापरतात. लेव्हीला मांजरं लागली, बावस्करांना आधीच्यांनी शोधलेलं ॲड्रेनॅलिनचं ज्ञान लागलं. पण प्रश्न आधी खाटेवर सापडावा लागतो. हैदराबादला प्रश्न ब्रिटनच्या भांडणातून आला, टेबल त्याच्या मागून मांडलं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं त्या रोग्यांची नाडी बघायची नाही हे आधीच ठरलेलं.

आज नांदेडला सरकारी कॉलेज आहे, लातूरला २००२ पासून आहे, पलीकडे अंबाजोगाई आहे. मुलं मला विचारत, मॅडम, संशोधनाला विषय काय घेऊ? मी म्हणायचे, किनवटकडच्या फ्लोराइडच्या पाण्यानं माणसाचे सांधे कोणत्या वयात धरतात? ऊस तोडणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडाचं मेच्या उन्हात काय होतं? रझाकारांपासून किल्लारीपर्यंतची भीती पाहिलेल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब रात्री उतरतो का? यंत्र मागायला नंतर या. आधी वॉर्डात जा, स्टूल ओढा आणि वेळ लिहून ठेवायला लागा.