टाटा मेमोरियल: मज्जेच्या रोगाशी आठ दशके

कंबर धरली की आमच्या जामसंडे-देवगडात दोष आधी आंब्याच्या कामाला जातो. कलमांवर चढायचे, झेल्याने फळ उतरवायचे, भरलेल्या पेट्या उचलायच्या, हे सगळे पाठीवरच येते. बहुतेकदा कारण तेच असते. पण पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसाची कंबर पाऊस लागला तरी सुटत नाही आणि सोबत थकवा वाढत जातो, तेव्हा क्वचित त्यामागे मल्टिपल मायलोमा असतो. हा मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. निदान झाले की घरात पहिले नाव निघते परळच्या ‘टाटा’चे. या रुग्णालयाचा जन्मच रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या एका मृत्यूतून झाला, हे मात्र कमी लोकांना माहीत असते.

लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. पेशी नीट पाहिल्याशिवाय कर्करोगाचा उपचार नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली. 1952 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. 1962 मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि 1966 मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले.

मज्जेच्या बाबतीत खरे वळण आले 20 मार्च 1983 रोजी. डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले मज्जा प्रत्यारोपण. अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकांच्या खुर्चीवर. ते सिएटलला जाऊन हे तंत्र शिकून आले आणि तिथल्यासारख्या सुविधांची वाट न पाहता त्यांनी ते परळमध्ये करून दाखवले. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी दिवस.

मायलोमात बहुधा दुसऱ्याची मज्जा लागत नाही. रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवतात, मेलफलान या औषधाचा मोठा डोस देतात आणि नंतर त्या पेशी परत शरीरात सोडतात. रोग समूळ जातोच असे नाही, पण आटोक्यातली वर्षे वाढतात.

रुग्णाला मात्र सर्वांत आधी सोसावे लागते ते हाडांचे दुखणे. निरोगी हाडात जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा बांधणाऱ्या पेशी जोडीने काम करतात. मायलोमाच्या पेशी झिजवणाऱ्यांना चेतवतात आणि बांधणाऱ्यांना दाबून ठेवतात. हाडाला भोके पडतात, मणका साध्या वाकण्यानेही दबतो, हाडातले कॅल्शियम रक्तात उतरते. तिकडे या पेशींनी बनवलेली प्रथिने मूत्रपिंडात अडकतात. हाडे वाचवणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला ते देताना डॉक्टरांचा हात आखडतो.

या पेचावर मोठे काम केले ते मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मायलोमा केंद्र चालवणाऱ्या डॉ. नूपुर राजे यांनी. त्यांच्या पुढाकाराने झालेली 1718 रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. हाडांचे अपघात टाळण्यात डेनोसुमॅब हे औषध झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडपेक्षा कमी पडत नाही आणि मूत्रपिंडाला त्रास कमी देते, असे तिच्यात दिसले. मात्र रक्तातले कॅल्शियम खाली जाण्याचा धोका त्यात जास्त. दोन्ही औषधांआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण पुढे जबड्याचे हाड बिघडू शकते. मायलोमावरच्या कार-टी उपचाराचे 2019 मधले पहिले महत्त्वाचे निष्कर्षही राजे यांच्याच गटाचे.

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोग ओळखायला शिकवून परत देणे. टाटा सेंटरचे खारघरचे केंद्र, ‘अ‍ॅक्ट्रेक’, 2002 पासून चालू आहे. टाटा सेंटर आणि पवईची आयआयटी यांनी मिळून घडवलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला 2023 मध्ये परवानगी मिळाली. तो ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. मायलोमासाठी असाच स्वस्त उपचार इथे तयार व्हावा, ही आस आता बाळगायला हरकत नाही. स्वस्ताईचा मुद्दा छोटा नाही. गावाकडच्या माणसाला औषधाच्या जोडीने मुंबईतल्या मुक्कामाचाही खर्च असतो. लालबाग-परळच्या खोल्यांतले नातेवाईक आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांनी तो भार किती हलका केला आहे, हे कोकणातल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे.

संस्था आपली वाट पुष्कळ चालली आहे. जामसंड्याहून परळपर्यंतची पहिली पावले मात्र आपण टाकायची आहेत. पन्नाशीनंतरची पाठदुखी महिनाभर हटत नसेल, तर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या गिळत राहू नका. मायलोमा असेल तर त्या आधीच ताणलेल्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासून घ्या, एक्स-रे काढा. त्यात काही खटकले, तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून द्या, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.