झिजलेल्या कडेची बखर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, शिलालेख येतात, कसरीने खाल्लेली दप्तरे येतात. वर्षानुवर्षे हा विषय शिकविताना मीही वर्गात हीच यादी सांगत आलो आहे. परंतु एक साधन असे आहे की, ज्यावरचा मजकूर कोणी मुद्दाम लिहिलेला नसतो आणि म्हणून त्यात पदरचे काही घालायला वावच उरत नाही. ते म्हणजे मोटारीचा टायर. त्यातून ती मोटार वेगवान स्पोर्ट्स मोटार असली तर मग विचारूच नका!

हा लेख वाचता येण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. टायर मधोमध गुळगुळीत झाला असेल तर हवा फाजील भरली होती असे समजावे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. एकच कड गेली असेल तर चाक वरून आत किंवा बाहेर कललेले होते. ह्या कलण्याला मिस्त्री 'कॅम्बर' म्हणतात. आणि तळहात टायरवरून एका दिशेने फिरविला तर मऊ लागतो, उलट फिरविला तर करवतीच्या दात्यांसारखा अडतो, असे झाले तर चाकाचे तोंडच वाकडे होते. ते नाकासमोर न चालता किंचित आत किंवा बाहेर पाहत होते. हे 'टो'चे दुखणे. ते फार बारीक असते, पण त्याचा हिशेब भूमितीच्या वहीत मांडून पाहावा. चाक एक अंशाच्या अवघा दहावा भाग तिरके असले तर दर किलोमीटरला ते सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासत जाते. दहा हजार किलोमीटरच्या धावेत साडेसतरा किलोमीटर! इतके अंतर फरफटत नेल्यावर रबराने टिकावे तरी कसे? 'गाडी टायर खाते' असे गॅरेजात म्हणतात, त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

मग सगळी चाके सरळ उभी करून टाकावीत, म्हणजे भांडण मिटले, असे आपल्याला वाटेल. गंमत अशी की, शहाण्या कारागिराने चाक अगदी सरळ असे कधी उभे केलेलेच नाही.

इंग्लंडात सरे परगण्यातल्या फार्नहम गावी जॉर्ज स्टर्ट नावाचा एक गृहस्थ होता. पेशाने शिक्षक. 1884 साली वडिलांच्या मागे गाड्यांची चाके करण्याचा कारखाना त्याच्या गळ्यात पडला आणि शाळा सोडून तो सुतारांमध्ये जाऊन बसला. त्या अनुभवावर त्याने 1923 मध्ये 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक प्रसिद्ध केले. (मास्तराने धंद्यात पडावे आणि शेवटी पुस्तकच लिहावे, हे मला मोठे ओळखीचे वाटते.) तिकडच्या गाडीचे चाक सपाट नसे, बशीसारखे किंचित खोलगट असे. ते तसे का, हे कोडे स्टर्टला बरेच दिवस उलगडेना. सुतारांना विचारावे तर तेही वाडवडील करीत आले म्हणून करीत. शेवटी त्याच्या ध्यानात आले की, घोडा चालताना पावलागणिक डावी-उजवीकडे झुलतो, त्याबरोबर गाडीतला भारही झुलतो आणि एकदा ह्या, एकदा त्या चाकाला बाजूने धक्का देतो. सपाट चाक त्या धक्क्यांनी छत्रीसारखे उलटे झाले असते. म्हणून आरे तुंब्यापासून बाहेर कलते बसवायचे. पण आरे कलले की खालचा आरा भाराखाली ताठ उभा राहावा म्हणून आसाचे टोक खाली झुकवावे लागते. आस झुकला की चाक बाहेर पळू पाहते, म्हणून तेच टोक जरासे पुढेही वळवायचे. म्हणजे कॅम्बर आला आणि टोही आला. मोटारीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी! आपल्याकडे चाकावरच्या लोखंडी पट्टीला 'धाव' म्हणतात. इंग्रजीतला टायर मुळात हाच. रबर पुष्कळ मागाहून आले.

वळणाचा विचारही घोडागाडीच्याच काळातला. वळताना आतल्या चाकाला लहान वर्तुळ काढावे लागते आणि बाहेरच्याला मोठे. तेव्हा दोन्ही सारखीच वळविली तर एक फरफटणारच. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन ह्यांनी ह्यावर अठराव्या शतकातच डोके चालविले होते. पुढे म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर ह्या बग्गीकाराने ती रचना सिद्ध केली आणि तिचे इंग्लंडातले पेटंट 1818 साली रुडॉल्फ आकरमान ह्या त्याच्या मुखत्याराने घेतले. हा आकरमान लंडनमध्ये चित्रे आणि पुस्तके विकणारा. आज जगभर ह्या रचनेला 'आकरमान स्टिअरिंग' म्हणतात. बिचाऱ्या लांकेनश्पेर्गरचे नाव कोणाच्या ओठांवर नाही!

तर वेगवान मोटारीचे खरे संकट असे. वळणावर गाडीचा सारा भार बाहेरच्या अंगाला लोटतो आणि बाहेरचे टायर मुडपू लागतात. त्या क्षणी टायर जमिनीवर पुरता टेकावा म्हणून चाक आधीच माथ्याकडून आत कलवून ठेवायचे. त्यामुळे वळणात पकड उत्तम मिळते. पण रस्ता सरळ झाला की तेच चाक आतल्या कडेवर धावते, आणि ती कड तापते, झिजते. वळणाला द्यावे तर सरळ रस्ता रुसतो आणि सरळ रस्त्याला द्यावे तर वळणावर घात होतो. प्रत्येक गाडी घडविणाऱ्याने ह्यातली एक बाजू पत्करली आहे.

मर्सिडीज-बेंझने 1954 साली न्यूयॉर्कला मांडलेली '300 एस्‌एल्' पाहा. पंखांसारखी वर उघडणारी दारे असलेली ही गाडी त्या काळच्या वेगाच्या कल्पनांपुढे फार दूर गेली होती. पण तिच्या मागच्या चाकांची रचना जुनी, 'स्विंग अॅक्सल'ची होती. एका काठीच्या टोकाला थाळी खिळ्याने घट्ट ठोकावी आणि काठीचे दुसरे टोक हाताने वरखाली करावे, म्हणजे ती रचना कळेल. काठी हलली की थाळी कलते. गाडीत माणसे आणि सामान भरले, मागचा भाग दबला की चाके खालून फाकत आणि आतली कड खात. परंतु खरा धोका ह्याच्या उलट होता. भर वळणात घाबरून कोणी एकदम वेगाचा पाय उचलला की गाडीचा मागचा भाग वर उठे, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू लागे, टायर एवढ्याशा कडेवर उभा राही आणि गाडीचे शेपूट गर्रकन फिरे. निष्णात हातांना ही गाडी वश होती; नुसत्या श्रीमंत हातांना ती क्षमा करीत नसे. 1957 मध्ये तिची उघडी आवृत्ती निघाली, तेव्हा दोन्ही अर्ध्या आसांचा सांधा एकच करून बराच खाली आणला होता. त्यामुळे चाकांचे कलणे पुष्कळ आवरले.

असमान झिजेची सर्वांत क्रूर गोष्ट मात्र 2005 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर घडली. त्या वर्षी फॉर्म्युला वनचा नियम असा होता की, शर्यतीत टायर बदलायचे नाहीत. मॅक्लारेनचा किमी रायकोनेन आघाडीवर होता. मागे पडलेल्या जाक व्हिलनवला ओलांडताना ब्रेक दाबला तो उजवे पुढचे चाक फिरायचे थांबले आणि तसेच रस्त्यावर घासले. एका जागी टायर सपाट झाला. एवढेच! पण चाक प्रत्येक फेऱ्याला त्या सपाट जागेवर आपटू लागले. टायर बदलावा तर पहिला क्रमांक जातो. म्हणून ते तसेच पुढे गेले. शेवटची फेरी सुरू झाली, पहिल्या वळणापाशी ब्रेक दाबला आणि चाकाला धरून ठेवणारे दांडे कडाकडा मोडले. फर्नांडो अलोन्सो बाजूने निघून गेला आणि जिंकला. रायकोनेनला काही इजा झाली नाही हे त्याचे दैव. चित्रफितीत ते चाक लोंबकळताना पाहिले की आजही छातीत धस्स होते.

चाकाच्या कलण्याचाच प्रश्न शर्यतीच्या चव्हाट्यावर आला तो 28 ऑगस्ट 2011 रोजी, बेल्जियममध्ये स्पा येथे. स्पाची फेरी सात किलोमीटरांची, 'ओ रूज'च्या चढणीवर पायाचा जोर कमी करायचा नाही आणि पुढे लांबच लांब सरळ पट्टा. टायर पुरविणाऱ्या पिरेलीने पुढच्या चाकांच्या कलण्याला 4 अंशांची मर्यादा सुचविली होती. रेड बुलने वेगाच्या लोभाने तिच्याबाहेर जरासे पाऊल टाकले होते. पात्रता फेरीनंतर पाहतात तो पुढच्या टायरांच्या आतल्या कडांवर फोड आलेले! रबर आतून तापले की असे फुगून सुटू लागते. आता नियम असा की, पात्रता फेरीचेच टायर घालून शर्यत सुरू करायची आणि चाकांची मांडणीही बदलायची नाही. बदलली तर सर्वांच्या मागून, पिट लेनमधून निघायचे. टायर बदलू द्या म्हणून त्यांनी विनविले. ते नामंजूर झाले. आणि योग्यच झाले असे मला वाटते. मर्यादा ज्याने ओलांडली त्यालाच सवलत द्यायची, तर मर्यादेत राहिलेल्यांनी काय पाप केले होते?

परंतु त्या गाडीत एक चोवीस वर्षांचा मुलगा बसणार होता, हेही विसरता येत नाही. गाडी आखणारे एड्रियन न्यूई ह्यांची त्या सकाळी काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना करावी. सेबास्टियन व्हेटेल निघाला, पहिल्या काही फेऱ्यांतच आत येऊन टायर बदलून गेला आणि शर्यत जिंकला. दुसरा आला त्याचाच सहकारी मार्क वेबर. टाळ्या वाजल्या, शँपेन उडाली.

नशिबावर अशी हुंडी वारंवार वटत नाही. 2013 च्या जूनअखेरीस सिल्व्हरस्टोनला भर शर्यतीत एकामागून एक गाड्यांचे टायर फाटले. डाव्या-उजव्या टायरांची अदलाबदल, कमी हवा, फाजील कॅम्बर आणि उंच कडांवरून उडविलेल्या गाड्या अशी कारणे पिरेलीने पुढे केली. त्यानंतर हवेचा दाब आणि चाकांचे कलणे ह्यांविषयीची शिफारस पाळणे सक्तीचे झाले. जो सल्ला होता त्याचा कायदा झाला.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स मोटारीला असा कोणी पंच नसतो. तिची चाकेही कारखान्यातूनच थोडी आत कललेली येतात, टायर रुंद असतात आणि झिजते ती कड नेमकी गाडीच्या पोटाकडे तोंड करून असते. मालक दररोज बाहेरून पाहतो, नक्षी ठसठशीत दिसते, समाधान पावतो. आतल्या बाजूला तोवर रबर संपून धागे दिसू लागलेले असतात. गाडी वर उचलावी किंवा खाली वाकून हात घालावा, तरच हे कळते. आणि बहुधा कळते ते पहिल्या पावसात.

सरळ रस्त्यावर एक चाल आणि वळणावर दुसरी, अशी चाके खरोखरच करता येतील काय? 2020 च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला सराव चालला असताना मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनने सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग चक्क स्वतःच्या छातीकडे ओढले, आणि पाहणारे चकित झाले. शर्यतीच्या गाडीची पुढची चाके वळणात चटकन घुसता यावे म्हणून तोंडाशी किंचित बाहेर फाकलेली ठेवतात. ह्या युक्तीने सरळ रस्त्यावर ती फाक मिटविता येई आणि वळण आले की स्टिअरिंग पुढे ढकलून पुन्हा आणता येई. जुलैमध्ये ऑस्ट्रियात ह्यावर तक्रार झाली. तक्रारदार कोण, तर रेड बुल! पंचांनी ती फेटाळली. त्या वर्षी सतरा शर्यती झाल्या, त्यांतल्या तेरा ह्या गाडीने जिंकल्या. 2021 सालापासून मात्र नियमानेच ही सोय बंद केली, आणि मर्सिडीजची चाके पुन्हा इतरांसारखी एकाच कोनात खिळून निघाली.