भाडेहक्काचा वारसा (इंग्लंडमधील नगर परिषदांची घरे)

नगर परिषदेच्या घराचा भाडेकरू वारला, तरी भाडेकरार आपोआप संपत नाही. थकणारे भाडे मृताच्या मालमत्तेतून वसूल होते. 1985 च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेहक्क एकदाच वारसाकडे जातो. संयुक्त भाडेकरूंपैकी मागे उरलेल्याचीही ती एक पाळी मोजली जाते. जुन्या करारांत पती-पत्नीखेरीज मृत्यूपूर्वी 12 महिने सोबत राहिलेला नातलगही वारस ठरतो. 1 एप्रिल 2012 पासूनच्या करारांत मात्र हक्क फक्त जोडीदाराला. मुलांना करारपत्रात तशी तरतूद असेल तरच.

ही काटछाट गरजेपेक्षा जास्त वाटते. सरकारी घर म्हणजे वडिलोपार्जित वाडा नव्हे, बाहेर गरजूंची रांग आहे, हा आक्षेप रास्तच. पण त्याचे उत्तर जुन्या व्यवस्थेतच होते: नातलग वारसाला घर मोठे पडत असेल, तर मृत्यूनंतर 6 ते 12 महिन्यांच्या आत नोटीस देऊन न्यायालयामार्फत त्याला योग्य अशा दुसऱ्या घरात हलवता येते. आईच्या शुश्रूषेसाठी आपली खोली सोडून आलेल्या मुलीला त्यात निदान छप्पर तरी उरते. कोणीच वारस नसेल, तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, आणि मृत्युपत्रच नसेल तर सार्वजनिक विश्वस्ताला, किमान चार आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. तोवर भाडे चालूच राहते.