लावणी विसरताना...

रसायनी म्हटलं की लोकांना पाताळगंगा आणि कारखान्यांची धुराडी आठवतात. नावच मुळी रसायनांवरून पडलेलं! पण कर्जत-खालापूर हा पट्टा मूळचा भाताचा. कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-१८४' वगैरे वाण तिथलेच.

वाण बदलले, कष्ट मात्र बायकांचे तेच राहिले. रोपं उपटायची, मुठी बांधायच्या आणि भर पावसात, चिखलात दिवसभर वाकून लावणी करायची. किती काड्या, किती खोल, किती अंतरावर, सगळं हातात मुरलेलं. सातबाऱ्यावर नाव बहुधा घरधन्याचं, म्हणून 'शेतकरी' प्रशिक्षणाला जाणार तोही तोच!

२०११ च्या सुमारास नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी 'सगुणा भात तंत्र' आणलं. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं २५ सेंटीमीटरवर भोकं पाडायची, त्यात बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. चिखलणी नाही, लावणी नाही. (त्यातलं तणनाशक मला खटकतं. पण वाकलेल्या पाठी आठवल्या की शब्द गिळावे लागतात.)

म्हणजे साठीतल्या बाईनं जन्मभराची विद्या बाजूला ठेवून नवी शिकायची. शेजारच्या मुरबाड तालुक्यात, फांगण्याला २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. तिचं जगभर कौतुक झालं, व्हायलाच हवं. वाफ्यावर साचा दाबायला शिकणाऱ्या आजीचा हजेरीपट कोण ठेवतो?

आणि लावणीच्या मजुरीवर ज्यांचा पावसाळा निघायचा, त्या बिनजमिनीच्या कातकरी बायांनी आता काय शिकायचं?