उपसभापतिपदाचा स्वीकार

विधिमंडळाच्या सभागृहाने आपल्यापैकी एका सदस्याला दुसऱ्या क्रमांकाचा पीठासीन अधिकारी म्हणून निवडणे आणि त्या सदस्याने ती जबाबदारी पत्करणे. महाराष्ट्रात विधानसभेत या पदाला उपाध्यक्ष, तर विधान परिषदेत उपसभापती म्हणतात. बोलताना आपण ‘नेमणूक’ म्हणतो, पण संविधानाच्या अनुच्छेद 178 आणि 182 नुसार ही निवड सभागृहच करते. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री नव्हे. या पदासाठी संविधानाने वेगळी शपथ सांगितलेली नाही. सदस्य म्हणून घेतलेली शपथच पुरते, आणि निवड जाहीर झाली की काम सुरू होते.

सभागृहाचे सदस्यत्व गेले की हे पदही जाते. राजीनामा सभापतींच्या (विधानसभेत अध्यक्षांच्या) नावे द्यावा लागतो. पदावरून दूर करायचे तर 14 दिवसांची सूचना आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीने एक मोलाची सवलत ठेवली आहे: निवड झाल्यावर सदस्याने आपला पक्ष सोडला, तरी तो पक्षांतराने अपात्र ठरत नाही. सक्ती नसल्याने ती क्वचितच वापरली जाते, हे खेदाचे आहे.

या पदाचा सामान्य मतदाराशी संबंध कसा येतो, ते एका गावावरून पाहू. तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाणारे अकलोली (ता. भिवंडी) ठाणे जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून निवडून आलेले, ठाण्याचे माजी महापौर वसंत डावखरे 1998 पासून 2016 पर्यंत विधान परिषदेचे उपसभापती होते. परिषदेच्या 78 पैकी 22 जागा अशा मतदारसंघांच्या आहेत. तिथे महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे सदस्य मत देतात, ग्रामपंचायतीचे देत नाहीत. म्हणजे अकलोलीच्या मतदाराचा या पदाशी संबंध येतो तो त्याने निवडलेल्या जिल्हा परिषद सदस्यामार्फत. धागा लांबचा आहे, पण खरा आहे. परिषदेचे सदस्यत्व सहा वर्षांचे असल्याने पुन्हा निवडून आल्यावर पदासाठीही सभागृहाचा विश्वास पुन्हा मिळवावा लागतो, आणि डावखऱ्यांनी तो पक्षभेदापलीकडच्या मैत्रीवर मिळवला. मार्च 2015 मध्ये सभापती शिवाजीराव देशमुख यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला, तेव्हा उपसभापतिपदी डावखरेच होते. असा ठराव विचारात असताना सभापतींना सभागृहात बसता येते, बोलता येते, पण पीठासीन होता येत नाही. 2016 च्या निवडणुकीत डावखरे पराभूत झाले आणि पदही संपले.

डावखऱ्यांच्या आधी रा. सू. गवई 1968 ते 1978 उपसभापती होते, आणि पुढे सभापती झाले. शिवराज पाटील चाकूरकर विधानसभेचे उपाध्यक्ष, मग अध्यक्ष झाले. लोकसभेतही त्यांनी याच क्रमाने दोन्ही पदे भूषवली. प्रतिभा पाटील 1986 ते 1988 राज्यसभेच्या उपसभापती होत्या.

हे पद स्वीकारणाऱ्याने सभापतींचे किंवा अध्यक्षांचे पद रिकामे होण्याची तयारी ठेवूनच ते घ्यायला हवे, कारण तेव्हा सगळा भार त्याच्यावर येतो. नीलम गोऱ्हे जून 2019 मध्ये उपसभापती झाल्या. जुलै 2022 मध्ये रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत संपली, आणि डिसेंबर 2024 मध्ये राम शिंदे निवडून येईपर्यंत सभापतिपदाचे काम गोऱ्हे यांनीच पाहिले.

विधानसभेत कसोटी याहून कठीण होती. दिंडोरीचे नरहरी झिरवाळ मार्च 2020 मध्ये उपाध्यक्ष झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले आणि ते सुमारे 17 महिने रिकामे राहिले. जून 2022 मध्ये शिवसेनेच्या 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढण्याचे काम त्यामुळे झिरवाळांकडे आले, आणि त्याच सुमारास त्यांनाच हटवण्याची सूचनाही दिली गेली. आपल्याविरुद्ध अशी सूचना प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेचा निर्णय द्यावा का? नबाम रेबिया प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने ‘देऊ नये’ असे म्हटले होते. 11 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.